दादाचा विमानतळ

"बाई, तुम्ही कॉमर्स शिकवता ना? मग एवढं सांगा, यांचे ते विमानतळाचे शेअर महाग झाले की नाही. महाग झाले असतील तर मी यांना आजच विकायला लावते."

वहिनींनी चप्पल काढायच्या आधी, दारातच उभ्या राहून हे विचारलं. माझ्या मांडीवर बारावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, आणि बाहेर ऊन असं पेटलेलं की कुत्रंसुद्धा गाडीखालून निघेना. अशा उन्हात दोन ऑटो बदलून वहिनी माझ्याकडे आल्या, म्हणजे प्रकरण साधं नाही.

"आधी पाणी तर प्या, वहिनी."

"पाणी पिते. तुम्ही आधी सांगा."

आता काय सांगू, कपाळ? अर्धं आयुष्य मी पोरांना शेअर म्हणजे काय अन् डिबेंचर म्हणजे काय हे घोकून घेतलं, पण स्वतः एक शेअर कधी विकत घेतला असेल तर शपथ. घाटावर उभं राहून पोहणं शिकवणाऱ्या बाईला कोणीतरी मागून नर्मदेत ढकलावं, तशी माझी गत झाली.

प्रकरण असं होतं. माझा मोठा भाऊ फॅक्टरीतून रिटायर झाला होता आणि राहत होता फॅक्टरीच्या क्वार्टरात, जिथे फरशा त्याने स्वतः बसवल्या होत्या आणि मागे पेरू लावला होता. रिटायर झाल्यावर काही महिने राहू देतात, मग खाली करावं लागतं. ते महिने संपत आले होते. पाटन रोडला एका नव्या कॉलनीत त्याने दोन खोल्यांचं घर पाहून ठेवलं होतं. घराचा मालक रोज फोन करून विचारत होता, भैया, लेना है कि नहीं. आणि घरासाठीचा पैसा, म्हणजे दादाच्या फंडाचा जवळजवळ सगळा पैसा, विमानतळ चालवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये जाऊन बसला होता.

ते घर त्याला किती हवं होतं, हे आमच्या घरातल्याच माणसाला समजेल. आमचे बाबा विदर्भातून इथे जबलपूरला आले तेव्हा इकडे-तिकडे एकच राज्य होतं. मग राज्यांची फेररचना झाली, गाव महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही इकडेच राहिलो. बाबा जन्मभर क्वार्टरात, दादा क्वार्टरात, आणि मी लग्न करून गेले तेही रेल्वेच्या क्वार्टरात. आमच्या खानदानात कोणाच्या नावावर एक भिंत नाही. बाबा रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडायच्या दिवशी ते भिंतीतले खिळे उपटत होते आणि आम्ही दोघं भावंडं चुन्यात टूथपावडर कालवून भोकं बुजवत होतो. भोक दिसलं तर पैसे कापतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. काम झाल्यावर बाबांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चलो, आपण इथे कधी राहिलोच नव्हतो." मला तेव्हा हसू आलं होतं.

दादाच्या शेअरची सुरुवात मात्र चहापासून झाली. दोघं पहिल्यांदा विमानात बसले ते पुण्याला पोराकडे जायला. वाटेत एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. तिथे दादाने दोन चहा घेतले आणि बिल पाहून वहिनींनी हातातला कप खाली ठेवला. "परत देऊन या हो, मी ओठ नाही लावला अजून." दादा मात्र भारावून परत आला. "अगं, तेवढ्यात सदर बाजारात अख्खं घर पोटभर जेवतं! अन् लाइन लागली होती, लाइन! कोणी हूं नाही की चूं नाही. ज्याला एवढ्याला चहा विकता येते, तो माणूस बुडेल कसा?" पोराने मोबाइलवर खातं उघडून दिलं होतंच. दादाने आधी थोडे शेअर घेतले, ते वाढले. मग आणखी घेतले, तेही वाढले. मग थांबतो कोण? पुढे पुढे तर तो 'माझा विमानतळ' असंच बोलायला लागला. सकाळी फोन करून सांगायचा, "आज माझा विमानतळ वर आहे, मास्तरीण."

आता विकले तर पाटन रोडचं घर येत होतं. पण दादा म्हणत होता, थोडं थांबू, वरची एक खोली पण निघून येईल. वहिनी म्हणत होत्या, वरची गेली खड्ड्यात, खालच्या दोन तर पदरात पाडा. आणि या भांडणात पंच कोण? मी! "मास्तरीण महाग म्हणेल तर विकतो," असं दादा बोलून बसला होता.

विका म्हणावं आणि उद्या भाव आणखी चढला, तर वरची खोली मी खाल्ली. ठेवा म्हणावं आणि भाव कोसळला, तर म्हातारपणी भाऊ-भावजय भाड्याच्या खोलीत, तेही माझ्या एका शब्दापायी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आमचे हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "तू यात पडू नको, नातं जाईल." पडू नको म्हणायला काय जातं! पडले होते ना मी.

कंपनीचा वार्षिक अहवाल दादाच्या पोराने मोबाइलवर पाठवला. तो वाचताना माझा चष्म्याचा नंबर वाढला असेल. वर्गात जे शिकवते तेच मी करून पाहिलं. समजा, सदर बाजारात एक किराणा दुकान विकाऊ आहे. तुम्ही काय पाहाल? वर्षाच्या शेवटी गल्ल्यात काय उरतं ते पाहाल. मालक शंभर वर्षांच्या कमाईएवढी किंमत मागून राहिला तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल की नाही? तोच हिशेब मी दादाच्या विमानतळाला लावला आणि माझं धाबं दणाणलं. इथे तर गल्ल्यात काही उरतच नव्हतं! जे येत होतं त्यातलं बरंचसं कर्जाच्या व्याजात जात होतं. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

एका अर्थी हायसं वाटलं. महाग आहे, विका, संपलं. पण पुढची पानं वाचली आणि पुन्हा घोळ झाला. नवीन धावपट्टी होत होती, नवीन इमारत होत होती, प्रवासी दरवर्षी वाढत होते, दुकानांचं भाडं वाढत होतं. कर्ज त्याच्यासाठीच काढलेलं. म्हणजे लोक आजच्या गल्ल्याकडे पाहतच नव्हते, पुढे कधीतरी भरणाऱ्या गल्ल्याचे पैसे आज मोजत होते. आता तो भरेल की नाही, हे मला काय ठाऊक? मला पुढच्या महिन्याचं टाइमटेबल माहीत नसते.

मग काय विचारता! उत्तरपत्रिकांच्या बेरजा चुकायला लागल्या, दूध उतू जायला लागलं. सकाळी बाजार उघडायची वेळ झाली की माझा हात मोबाइलकडे. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मोबाइल कसा काढायचा, म्हणून मी नळावर हात धुवायच्या बहाण्याने जाऊन भाव पाहायची. शेअर दादाचे अन् बीपी माझं. वहिनींचा फोन वाजला की आधी मोरीत जाऊन लपावं असं वाटायचं. "झालं का बाई वाचून?" "होऊन राहिलं, वहिनी, होऊन राहिलं."

एका रविवारी सकाळी दादाच स्कूटर घेऊन दारात.

"कागद वाचून काही कळत नसते. चल, तुला दाखवतो."

"कुठे?"

"डुमन्याला. विमानतळावर."

"दादा, आपला विमानतळ सरकारचा आहे. तुझ्या कंपनीचा नाही तो."

"माहीत आहे मला. शितावरून भाताची परीक्षा करतात ना? जबलपूरसारख्या गावात एवढी गर्दी, तर मोठ्या शहरात काय असेल, तू सांग. मी तीन-चारदा जाऊन पाहून आलो. पाय ठेवायला जागा नसते."

आणि मी कॉमर्सची बाई, मागे बसून गेले! अहवाल वाचून वाचून डोक्याचा भुगा झाला होता. डोळ्यांनी काहीतरी दिसावं, कोणीतरी मला होय की नाही सांगावं, असं झालं होतं. वाटेत क्वार्टरवर थांबलो तर वहिनींनी हातात थर्मास दिला. "तिथला चहा घ्याल तर याद राखा," हे दादाकडे पाहून.

विमानतळाची नवीन इमारत काचांची, लखलखीत. आणि गर्दी खरोखरच होती. दाराबाहेर नुसता मेळा भरलेला. दादाने स्कूटर लावली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू ही सगळी माणसं त्यानेच बोलावली होती. "काय म्हणते आता?"

माझाही जीव थोडा भांड्यात पडला. म्हटलं, ठेवायला हरकत नाही की काय! मग मी नीट बघायला लागले, कारण मला नीट बघायची खोड आहे. पाटनकडची एक मंडळी होती, दोन जीपा भरून आलेली. आजोबा, काका, मावशा, सुना, कडेवरची पोरं. एक बाई स्टीलच्या डब्यातून दही-साखर काढून तिथेच एका तरण्या पोराच्या हातावर देत होती. गळ्यात हार, कपाळावर टिळा, हातात एकच बॅग. बाकी कोणाच्या हातात बॅग नव्हती. पलीकडे आणखी एक घोळका, त्यातही जाणारी एक नवी सून, बाकी सगळे डोळे पुसणारे. पोराने सगळ्यांच्या पाया पडून घेतलं, शिपायाला तिकीट दाखवलं आणि आत गेला. त्याच्या मागोमाग ती सून गेली. काचेवर नाकं चिकटवून सगळ्यांनी हात हलवले. मग जीपांच्या सावलीत सतरंजी अंथरली, पुऱ्या निघाल्या, लोणचं निघालं, बाटलीतला चहा निघाला. खाऊन-पिऊन मंडळी जीपांत बसली आणि गेली.

दारापुढे कोणी उरलं नाही. शिपायाने जांभई दिली.

"दादा," मी म्हटलं, "जाणारे किती होते?"

मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे धरला. त्याने त्या चहाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्हीसुद्धा घरचाच चहा घेऊन विमानतळ पाहायला आलो होतो.

"इथली गोष्ट वेगळी आहे," तो म्हणाला. "तिकडे मोठ्या शहरात कोणी पोहोचवायला येत नाही. तिकडे सगळे जाणारेच असतात."

"मग इथे काहून घेऊन आला मला? शीत दुसऱ्याच भांड्यातलं अन् परीक्षा तुझ्या भाताची?"

"तू तर काही सांगूनच नाही राहिली! महिनाभर नुसती वाचून राहिली! माझा विमानतळ..."

आता माझा स्वभाव आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. घाबरले की मी ओरडते. त्या अहवालात मी एक गोष्ट वाचली होती आणि दादाला सांगितली नव्हती, कारण तिचं वजन किती धरायचं ते मलाच कळत नव्हतं. विमानतळ त्या कंपनीचा नव्हताच. जमीन सरकारची. ठरलेली वर्षं चालवायला दिलेला. इमारत बांधा, काचा लावा, मुदत संपली की सगळं जसंच्या तसं परत करा. आणि तोवर विमानांकडून काय घ्यायचं अन् प्रवाशांकडून काय घ्यायचं, त्यालाही सरकारच्या मंजुरीचा शिक्का लागतो.

"माझा विमानतळ, माझा विमानतळ काय लावलं तू?" मी भर पार्किंगमध्ये ओरडले. "तो तुझ्या कंपनीचा पण नाही! क्वार्टर आहे ते, दादा, क्वार्टर! तुझ्यासारखंच! फरशा तू बसव, पेरू तू लाव, अन् मुदत संपली की भोकं बुजवून निघून जा!"

तोंडातून गेलं ते गेलं.

दादाने झाकणातला चहा जमिनीवर ओतला, झाकण नीट फिरवून थर्मासला लावलं, आणि स्कूटर सुरू केली. मी मागे बसून त्याच्या पांढऱ्या झालेल्या मानेकडे पाहत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते. क्वार्टरवर पोहोचल्यावर तो सरळ मागच्या अंगणात गेला. तिथे त्याने लावलेला पेरू होता, त्याच्या बुंध्याशी खुर्ची टाकून बसला. वहिनींनी मला खुणेनेच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, महाग आहे. आणि रडायला लागले.

खरं सांगते, हिशेबाने माझं बोलणं पूर्ण बरोबरही नव्हतं. मुदतीची वर्षं पुष्कळ असतात, तेवढ्यात कंपनीला बक्कळ कमावता येतं. बारावीच्या पोरीने असं उत्तर लिहिलं असतं तर मी तिला अर्धेच गुण दिले असते. पण ते उत्तर दादाला जिथे लागायचं तिथे लागलं होतं.

चार-पाच दिवस त्याचा फोन नाही. मीही केला नाही, हिंमतच होत नव्हती. मग वहिनींचा आला.

"यांनी विकले, बाई. सगळेच."

"काय म्हणाला?"

"काही नाही. सकाळी बुद्धवंदना झाली, मोबाइल घेऊन बसले. मी विचारलं, काय करून राहिले? तर म्हणे, बापाचं क्वार्टर खाली केलं, आता माझं खाली करून राहिलो. तिसरं नको."

पाटन रोडचं घर झालं. वरची खोली नाही, खालच्या दोन. क्वार्टर सोडायच्या दिवशी मी मदतीला गेले. दादा हातात पुट्टीचा डबा घेऊन एकेक भोक बुजवत होता. मीही पदर खोचला आणि स्वयंपाकघरातली बुजवली. शेअरचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. पेरू कापू नका, एवढं त्याने शेजाऱ्यांना सांगून ठेवलं.

आणि मग भाव चढायला लागला की हो! आधी जरासा चढला, मी म्हटलं, उतरेल. उतरला नाही. मग असा चढला की वरची खोली तर निघालीच असती, वर जिना आणि गच्चीसुद्धा निघाली असती. मी रोज पाहायची. पाहायचं नाही असं ठरवून पाहायची. दादाला हे कळलं तर? कोणी सांगितलं तर? पोरगा तर सांगेलच. एवढ्या वर्षांत त्याने मला एका शब्दाने कधी दुखावलं नव्हतं, आणि मी त्याची खोली घालवून बसले होते.

गृहप्रवेशाला बुद्धविहारातली सगळी मंडळी होती, त्या गर्दीत मी तोंड दाखवून आले. त्यानंतर गेलेच नाही. कधी परीक्षा, कधी पाहुणे, कधी गुडघा. वहिनी म्हणायच्या, या ना बाई, घर तरी नीट पाहून जा. मी म्हणायची, येते, येते. हिवाळा लागला तरी माझं येणं होईना. शेवटी एका रविवारी ह्यांनीच मला स्कूटरवर बसवलं आणि दादाच्या दारात सोडून दिलं. "जे व्हायचं ते होऊ दे. घरात तुझं तोंड पाहवत नाही," म्हणाले आणि निघून गेले.

दादा खोलीत स्टुलावर उभा होता, वहिनी खाली स्टूल धरून. हातात हातोडी, दातांत खिळा. खाली आई-बाबांचा फोटो भिंतीला टेकवलेला. घर लावून महिने झाले तरी भिंती कोऱ्याच होत्या.

"फोटो अजून लावला नाही?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

त्याने दातांतला खिळा काढला. "सवय नाही ना. आधी वाटते, कोणाला विचारावं लागेल काय."

मी उभीच. म्हटलं, आता बोलून टाकावं. "दादा, ते शेअर..."

"वाढले. माहीत आहे. रोज पाहतो मी."

"मग तू बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तर तू इथे आली नसती." तो स्टुलावरून उतरला. "नाही बोललो, तरी नाहीच आली."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "मी चुकले, दादा. महाग नव्हते ते. मला काहीच समजत नव्हतं."

"महाग होते की स्वस्त, ते ज्याच्याजवळ थांबायला वेळ आहे त्याने पाहावं. मला पुढच्या महिन्यात खाली करायचं होतं." त्याने हातोडी माझ्या हातात दिली. "रडू नको. घे, ठोक."

"मी?"

"मग कोण? विकायला तूच लावले ना?"

मी स्टुलावर चढले. त्याने बोटाने जागा दाखवली, मी खिळा धरला. पहिला घाव हलकाच बसला, जुन्या सवयीने. "जोरात," तो म्हणाला. मी जोरात मारला आणि खिळा वाकडा झाला, भिंतीचा ढलपा निघून पडला, मोठं भोक पडलं. मी खाली पाहत म्हटलं, "वहिनी, पुट्टी आहे काय घरात?"

"राहू दे," दादा म्हणाला. "बाजूला दुसरा ठोक. हे भोक बुजवायचं नाही आपल्याला."